तांब्याची कडी

"डोकं मोठं पाहिजे," केळुसकर साहेब म्हणाले. "मुख्य पाहुण्याच्या ताटात डोकं वाढतात ना तुमच्यात? मग ते ताटाबाहेर आलं पाहिजे. समजलास?"

सकाळचे आठ वाजले होते. आम्ही कंपनीच्या धक्क्यावर उभे होतो आणि समोर, खाडीच्या ऐन पोटात, चोवीस पिंजरे तरंगत होते. पिंजरे म्हणजे प्लास्टिकच्या पिंपांना टांगलेली जाळ्यांची मोठाली पोती. एकेकात दोन-दोन हजार जिताडे. भरती जाळ्यातून आत शिरायची, ओहोटी जाळ्यातून बाहेर पडायची, आणि जाताना माशांनी जे काही खाली टाकलं असेल ते गावाच्या चिखलावर पसरून जायची. मी त्या पिंजऱ्यांचा पर्यवेक्षक. छातीवर बिल्ला, डोक्यावर निळी टोपी. टोपीखाली काय होतं ते पुढे कळेलच.

"मोठे जिताडे आहेत की साहेब. सात नंबरमधला एक काढतो."

लग्नाच्या पंगतीत वरमाईचं वय विचारणाऱ्याकडे बघावं, तसं साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"कमळाकर, अध्यक्षांना सात नंबरमधला घालायचा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या आत्याकडे तळं आहे ना?"

त्या दिवशी समिती येणार होती. कंपनीचा खाडीचा करार संपत आला होता. समितीनं होकार दिला असता तर पिंजरे आणखी दहा वर्षं तिथंच राहिले असते. नकार दिला असता तर मासे खाडीतून उचलून माळावर सिमेंटच्या टाक्यांत न्यावे लागले असते. पाणी गाळायचं, घाण वेगळी काढायची, सगळा व्याप. साहेब खासगीत सांगत, "टाकीत मासा पाळला की त्याची घाण आपण उचलायची. खाडीत पाळला की खाडी उचलते." हे वाक्य बोलून झालं की ते स्वतःच हसत. मीही हसत असे. पगारी हसणं आमच्या कामातच धरलेलं होतं.

समिती आली ती बायकांच्या तक्रारीवरून. पिंजरे टाकले त्या जागेच्या आजूबाजूला पूर्वी खुबे, म्हणजे शिंपल्यातली मासळी, मिळत. ओहोटीला गावच्या बायका गुडघाभर चिखलात उतरायच्या, पायाच्या अंगठ्यानं खुबा चाचपायच्या आणि वाकून उचलायच्या. वाकताना गाणं, उठताना गाणं. पाच वर्षांत तो चिखल काळा पडला. पाय घातला की कुजक्या अंड्यासारखा बुडबुडा वर यायचा. खुबे उघडून बघावेत तर आत माती. तक्रारीच्या कागदावर चाळीस अंगठे होते, आणि त्यातला पहिला माझ्या आतेचा.

त्याच आतेकडे मला मासा मागायला धाडलं होतं.

चांगुणा आते म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला तशी माहेरी आली आणि राहिली. खारबेली गावची ती धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंतची सगळी गाणी तिच्या तोंडी. तिनं सूर धरल्याशिवाय गावात कुणाच्या अंगाला हळद लागत नसे. घरामागे तिचं तळं. उधाणाच्या पाण्याबरोबर बांधाच्या उघाडीतून जिताड्याची पिलं आत येत, ती उचलून तळ्यात सोडायची आणि वर्षानुवर्षं वाढवायची, ही आमच्या खारेपाटाची जुनी रीत. पाहुणा आला, सण आला, म्हणजे एक काढायचा.

ती परसात चिखलातले निवटे मासे साफ करत बसली होती.

"आते, एक जिताडा पाहिजे. मोठा."

"कोनाला?"

"समितीच्या साहेबांना. जेवायला आहेत."

तिचा विळीवरचा हात थांबला. "चोवीस पिंजरं भरून मासं, आनि पावन्याला मासा माझ्या डबक्यातला? तुमचा केळुसकर डबकंच बोलतं ना माझ्या तल्याला?"

"पिंजऱ्यातले अजून लहान आहेत."

"मंगलवारी बरफाच्या गाडीत भरलं ते काय मुंगलं व्हतं?"

मी टोपी काढली, पुन्हा घातली.

"तुमच्याच तक्रारीवरनं आलीये ना समिती?" मी म्हणालो. "मग उपाशी पाठवायची का?"

हे मी बोललो खरं, पण बोलतानाच मला माझी लाज वाटली. आतेला नाही वाटली. तिनं हात धुतले, पदर खोचला.

"पावना उपाशी जानार नाय. पन चूल माझी, आनि वाढनार पन मीच."

"कंपनीचा आचारी आहे, आते."

"मंग कंपनीचाच मासा रांध."

सौदा ठरला. आम्ही दोघांनी जाळं ओढलं. कडेला तीन जिताडे आले. दोन मध्यम, तिसरा मात्र पाण्यातून वर आला तो पाटलाच्या ओसरीवर पाटील यावा तसा, सावकाश, कुणाची भीड न धरता. पाठीवर जुन्या पितळेची झाक, डोळा दिव्यासारखा.

"ह्यो घे," आते मधल्याकडे बोट करून म्हणाली. "चार किलोचा हाय. चांगला लागंल."

"तो मोठाच पाहिजे."

"त्यो नको, कमल्या."

"आते, अध्यक्षांच्या ताटात डोकं जायचंय. साहेबांनी बजावून सांगितलंय."

"एकदा बघ त्याच्याकडं नीट."

"बघितलं की. आठ किलोला कमी नाही."

आते माझ्याकडे बघत राहिली. ती अशी बघत राहिली की माणसाला वाटावं आपल्या मागे कुणीतरी उभं आहे. मी मागे वळूनही पाहिलं. कुणी नव्हतं.

"घे मंग," ती म्हणाली. "तुझाच हाय."

"तुझं ते माझंच की!" म्हणून मी हसलो. या वेळचं हसणं फुकटचं होतं, म्हणून जास्तच मोठ्यानं हसलो.

तिनं स्वतःच्या हातानं मासा ओल्या गोणपाटात गुंडाळला. डोक्याकडचा भाग आधी झाकला. मी त्याचं तोंड पाहिलंच नाही. मी वजन पाहत होतो.

समितीची वेळ साहेबांनी पंचांग बघून मागून घेतली होती. साडेअकरा. ऐन भरती. पाण्याखाली चिखल काळा की गोरा कोण बघतो? तीन जण आले: अध्यक्ष शेणोलीकर साहेब आणि दोन सदस्य, ज्यांचं मुख्य काम अध्यक्ष बोलले की मान हलवणं हे होतं. त्यांना नारिंगी जाकिटं चढवून होडीतून पिंजऱ्यांभोवती फिरवलं. साहेबांनी मूठभर खाद्य फेकलं, पाणी उसळलं, चंदेरी पाठी चमकल्या. सदस्यांनी फोटो काढले. खाडी दिसायला त्या दिवशी नव्या नवरीसारखी होती, आणि नवरीच्या सासरचं कुणी काही विचारू नये अशी चोख व्यवस्था होती.

बांधावर चाळीस बायका उभ्या होत्या. साहेब म्हणाले, "त्यांना जेवणानंतर भेटू, सर. उन्हात कशाला?" म्हणजे उन्हात बायका राहिल्या आणि सावलीत समिती गेली.

धक्क्यावरच्या शेडमध्ये पाटरांगोळी केली होती. चारी कोपऱ्यांत उदबत्त्या.

"एवढ्या उदबत्त्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"गावची पद्धत आहे, सर. शुभ मानतात."

गावात अशी पद्धत कधीच नव्हती. वास दडपायची पद्धत कंपनीची होती.

मग आतेनं वाढलं. तांदळाच्या भाकऱ्या, वाफाळता भात, आणि ठेचलेल्या लसणाचं, चिंचेचं, तांबडंलाल कालवण. अध्यक्षांच्या ताटात डोकं. खरंच ताटाबाहेर आलं होतं. अध्यक्षांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. न्याय करायला आलेल्या माणसाचे डोळे इतक्या लवकर मिटलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"वा! केळुसकर, काय चव आहे! आणि लोक लिहून देतात की पिंजऱ्यातल्या माशाला खाद्याचा वास येतो!"

"अपप्रचार, सर," केळुसकर म्हणाले. ते स्वतः तिसरी तुकडी संपवत होते. "सकाळीच काढलाय. सात नंबरमधला. आमच्या कमळाकरनं."

अध्यक्ष माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवू लागले. सदस्यांनीही हलवली. मग मीही हलवली. एका बैलानं हलवली की गोठाभर हलते.

"मावशी," केळुसकर आतेला म्हणाले, "पाहुण्यांना तुमचं एखादं गाणं ऐकवा की. पारंपरिक." आणि अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "लोकसंस्कृतीला आम्ही फार उत्तेजन देतो, सर."

आतेच्या हातात पळी होती. वाटलं, आता ही पळी साहेबांच्या टाळक्यात बसते. पण तिनं खाली बघितलं आणि हळदीच्या चालीवर, अगदी हळू आवाजात गायली:

*भरतीचं गं पानी, आलं नि गेलं,*
*लेकीसाठी राखलेलं पंगतीनं खाल्लं.*

*मांडवाच्या दारी, बाप मान डुलवी,*
*लेकीचा गं ठेवा परक्याला वाढवी.*

"काय ठेका आहे!" अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी माशाच्या जबड्यात अंगठा घातला. गालाचं मांस सोडवलं. जबडा फाकला.

ताटात टण्णकन काहीतरी पडलं.

अध्यक्षांनी ते दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं. करंगळीत जाईल एवढी कडी. हिरवट काळी पडलेली.

"हे काय?"

मानलं पाहिजे त्या माणसाला, केळुसकर एक क्षणही अडखळले नाहीत.

"टॅग, सर! आमचा टॅग. कुठला मासा, कधीचा, कुठल्या पिंजऱ्यातला, सगळी नोंद. परदेशी पद्धत आहे ही."

"अरे वा! प्रत्येक माशाला?"

"प्रत्येक माशाला, सर."

एका सदस्यानं वहीत लिहायला सुरुवातही केली.

"तांब्याची तार हाय ती," आते म्हणाली. "हातानं वलवलेली."

केळुसकर हसले. "मावशींना काय कळणार त्यातलं, सर."

"मना नाय कलत," आते म्हणाली. "ज्यानं वलवली त्याला इचारा." आणि ती भाताच्या पातेल्याशी जाऊन उभी राहिली, पाठ करून. तिनं माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

अध्यक्षांनी कडी माझ्यासमोर धरली. "तुम्ही पर्यवेक्षक ना? हा तुमचा टॅग?"

मी कडी तळहातावर घेतली. अंगठ्यानं मसाला पुसला. तारेला तीन पीळ होते आणि टोक आत वळवलेलं होतं, कुणाला टोचू नये म्हणून. खाद्याच्या गोण्यांची तोंडं मी अशीच बांधतो. तीन पीळ, टोक आत. दुसरं कुणी असं बांधत नाही. बाकीचे दोन पीळ देतात.

आणि तळ्याचा काठ डोळ्यासमोर आला. सात वर्षांपूर्वीचा. आतेच्या ओंजळीत वीतभर जिताडा, माझ्या हातात पक्कड, आणि बायकोच्या कडेवर वर्षाची वेणू. माझी वेणू, माशाला बोट लावायला झेपावणारी. "टोक आत वलव रं," आते सांगत होती. "पोरीचा मासा हाय. त्याला टोचू नये." मुलगी वर्षाची झाली की तिच्या नावानं तळ्यात एक जिताडा सोडायचा. कडी बापानं वळायची, माशाच्या जबड्यात घालायची आतेनं. तो मासा कुणी मारायचा नाही, कुणी विकायचा नाही. मुलीच्या हळदीच्या दिवशी तो काढायचा आणि सगळ्या मांडवाला वाढायचा. मी ती कडी वळली, हसलो, हात धुतले आणि विसरलो. त्याच वर्षी मला कंपनीत नोकरी लागली होती. अठ्ठेचाळीस हजार मासे सांभाळायला मिळाले म्हटल्यावर एक मासा कोण लक्षात ठेवतो?

त्यो नको, कमल्या. एकदा बघ त्याच्याकडं नीट. तुझाच हाय.

"काय हो?" अध्यक्ष म्हणाले. "तुमचा टॅग ना?"

केळुसकर माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत पुढच्या वर्षीची बढती होती, गाडी होती, आणि नाही म्हटलं तर काय, तेही होतं.

"माझा आहे," मी म्हणालो.

"ऐकलंत, सर?"

"माझा. कंपनीचा नाही. हा माझ्या मुलीचा मासा आहे, साहेब. तिच्या हळदीसाठी ठेवलेला. या माझ्या आतेच्या तळ्यातून मीच सकाळी काढून आणला."

अध्यक्षांच्या तोंडात घास होता. तो गिळायचा की काढायचा, हा शासकीय प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी गिळला.

"मग पिंजऱ्यातला कुठाय?"

"पिंजऱ्यातला आमच्यातलं कुणी खात नाही."

"का?"

"अंगावर फोड येतात माशांच्या. खाद्यातून औषध चालू आहे."

"कमळाकर!" केळुसकर ओरडले. मग अध्यक्षांकडे वळले. "सर, औषधाचा कोर्स चालू असताना मासा आम्ही कुणाला देतच नाही. नियम आहे. म्हणून तर हा बाहेरून..."

"म्हणजे हा बाहेरचाच," अध्यक्ष म्हणाले.

केळुसकरांचं तोंड जिताड्यासारखं उघडं राहिलं, फक्त आत कडी नव्हती.

"आनि मंगलवारी बरफाच्या गाडीत गेलं ते?" आतेनं पाठ न वळवता विचारलं. "त्या लोकांना कंचा नियम?"

अध्यक्ष म्हणाले, "मला सात नंबरमधला मासा बघायचाय. आत्ता." पण ते लगेच उठले नाहीत. डोक्याची दुसरी बाजू राहिली होती. एवढी फसवणूक उघड झाल्यावरही त्यांनी ती बाजू संपवली, डोळ्याची वाटी चोखली, वर भात मागून घेतला. मी मनात म्हटलं, घ्या, हा माणूस आमच्या खाडीचा निवाडा करणार.

पण खाडी त्यांच्या भातासाठी थांबली नव्हती. पानावरून उठून आम्ही धक्क्यावर आलो तेव्हा ओहोटी लागून बराच वेळ झाला होता. पंचांगानं साथ सोडली होती. पिंजऱ्यांच्या चारी बाजूंनी चिखल उघडा पडत चालला होता, जळक्या तव्यासारखा काळा, वर पांढुरकी साय. वास आला आणि एका सदस्यानं नाकाला रुमाल लावला. मी सात नंबरमधून मासा काढून आणला. फळीवर ठेवला. त्याच्या कुशीवर रुपयाएवढे तीन लाल फोड होते.

तेवढ्यात बांधावरच्या बायका चिखलात उतरल्या. कुणी सांगितलं नव्हतं. चाळीस जणी, रांगेनं, अंगठ्यानं चाचपत, वाकत, उठत. टोपल्या कमरेला. गाणं मात्र नव्हतं. अर्धा तास त्या चालल्या आणि धक्क्याखाली येऊन एकेकीनं टोपली पालथी केली. रिकाम्या शिंपल्यांचा ढीग झाला. एकही खुबा जिवंत नव्हता.

अध्यक्षांनी ढिगाकडे बघितलं, जाकीट काढलं आणि म्हणाले, "लिहून घ्या." एवढ्या जेवणानंतर एवढं तरी केलं.

माझा बिल्ला साहेबांनी त्याच संध्याकाळी काढून घेतला. टोपी ठेव म्हणाले. टोपी मी खाडीत टाकली नाही. खाडीत आधीच पुष्कळ टाकलं होतं. चुलीत घातली.

अहवाल यायला चौदा महिने लागले आणि पिंजरे उठायला आणखी सात. आता मासे माळावरच्या टाक्यांत आहेत. पाणी गाळलं जातं, घाण वेगळी काढतात, खुद्द कंपनी उचलते. केळुसकर साहेबांची बढती झाली. 'मासा समुद्रातून बाहेर आणणारा पहिला माणूस' म्हणून ते ठिकठिकाणी भाषणं देतात. शाल, श्रीफळ घेतात. खाडीबद्दल बोलताना त्यांचा गळा दाटून येतो असं ऐकतो. ते खरं असेल. गळ्यात आमचाच मासा आहे.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी आतेनं मला तळ्यावर बोलावलं होतं. वेणूही होती, आठ वर्षांची. आतेच्या ओंजळीत वीतभर जिताडा. तिनं घासून लखलखीत केलेली कडी माझ्या हातात दिली. मी पीळ सोडले, मासा धरला, तिनं कडी घातली, मी पुन्हा तीन पीळ देऊन टोक आत वळवलं.

"माझा मासा साहेबांनी खाल्ला ना, आबा?" वेणूनं विचारलं.

मी मान हलवली.

"आता या वक्ती तोंड बघून ठेव," आते मला म्हणाली. बाकी त्या दिवसाबद्दल वेणूच्या हळदीपर्यंत तिनं मला एक शब्द ऐकवला नाही.

खुबे परत यायला पाच पावसाळे गेले. पहिला खुबा आतेच्याच अंगठ्याला लागला. तिनं तो उचलला, बघितला आणि पुन्हा चिखलात दाबला.

गेल्या वैशाखात वेणूची हळद झाली. सकाळी मी एकटाच तळ्यात उतरलो. मासा कडेला आला तेव्हा त्याचं वजन किती, ते मला आजही सांगता येणार नाही. मी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि तोंड पाहिलं.

हळदीच्या माशाचं डोकं आतेच्या ताटात वाढायचं असतं. मांडवात तिला पाटावर बसवलं. आता तिला सत्त्याहत्तर वर्षं झालीत, चार दात उरलेत, पण जबडा तिनं स्वतःच उघडला. कडी काढली, पेल्यातल्या पाण्यात धुतली, पदराला पुसली. मांडवभर माणसं बघत होती. वेणूच्या सासरचेही होते. मला वाटलं आता ती गाईल, निदान डोळे तरी पुसेल.

तिनं कडी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली.

"घे," ती म्हणाली. "तुझ्या कंपनीचा टॅग."